साष्टीच्या मुलांचा पुराणिक

मराठीची थोरवी सांगायची वेळ आली की आपल्याकडे एका परदेशी माणसाला हमखास साक्षीला बोलावले जाते. फुलांत मोगरा तशी भाषांत मराठी, सुगंधांत कस्तुरी तशी भाषांत मराठी, असे सांगून गेलेला तो फादर थॉमस स्टीफन्स. फेब्रुवारीच्या अखेरीस मराठी भाषा दिन आला की त्याच्या या चार-पाच ओव्या शाळांच्या फळ्यांवर उमटतात, वक्त्यांच्या तोंडी येतात आणि मार्च उजाडला की पुसल्या जातात. एका इंग्रजाने आपल्या भाषेची वाखाणणी केली याचे आपल्याला इतके अप्रूप, की त्याने लिहिलेल्या उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या कशासाठी होत्या आणि कोणासाठी होत्या हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. मराठीचे कौतुक करावे म्हणून कोणी अकरा हजार ओव्या लिहीत नाही.

त्या ओव्या होत्या गोव्याच्या साष्टी प्रांतातल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांसाठी, आणि त्यांतही घराघरांतल्या पोरांसाठी. ज्यांच्या आजीच्या तोंडी राम-कृष्णाच्या कथा होत्या आणि ज्यांना त्या आता ऐकायच्या नव्हत्या, अशा पोरांसाठी. या माणसाचे चरित्र मला वाचावेसे वाटले ते या एका गोष्टीमुळे. मोगऱ्यामुळे नव्हे.

स्टीफन्सचा जन्म १५४९ चा, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन नावाच्या खेड्यातला. बाप व्यापारी. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याच वर्षी इंग्लंडच्या देवळांतली लॅटिन प्रार्थना हटवून सरकारने इंग्रजी प्रार्थनापुस्तक लागू केले. थॉमस चार वर्षांचा असताना मेरी राणी गादीवर आली आणि जुना कॅथलिक धर्म परत आला. तो नऊ वर्षांचा असताना एलिझाबेथ आली आणि तो धर्म पुन्हा गेला. दहा वर्षांत वेदी मांडली, मोडली, पुन्हा मांडली, पुन्हा मोडली. मोठी माणसे अशा वेळी वाऱ्याकडे पाहून पाठ फिरवतात. मुलांच्या मनात मात्र ते सगळे साचून राहते.

एलिझाबेथच्या राज्यात रविवारी सरकारी प्रार्थनेला न जाणाऱ्याला एक शिलिंग दंड होता. कॅथलिक मिस्सा करणे हा गुन्हाच होता. तेव्हा ज्यांना जुना धर्म सोडवत नव्हता ते तो घरात पाळत, दारे लावून, नोकरचाकर विश्वासाचे आहेत ना हे पाहून. चर्चच्या उंच खिडक्या, घंटा, मिरवणुका हे सगळे गेले आणि धर्म उरला तो कुटुंबाच्या ओठांवर आणि कानांत. विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत शिकलेल्या थॉमसच्या पिढीतल्या कित्येक कॅथलिक तरुणांनी देव पाहिला तो असा कुजबुजीतून. पुढे साष्टीत हा माणूस जे करायला बसला त्याची मुळे मला इथे दिसतात. अर्थात हा माझा तर्क आहे. त्याने स्वतः तसे कुठे म्हटलेले नाही.

तरुणपणी त्याला थॉमस पौंड नावाचा दोस्त भेटला. हा त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, श्रीमंत घरचा, एलिझाबेथच्या दरबारात वावरलेला. आख्यायिका अशी, की नाताळच्या एका जलशात राणीपुढे नाचताना पौंडचा तोल गेला, तो पडला, आणि राणीने त्याची बैल म्हणून थट्टा केली. पौंड तिथून उठला तो दरबारच सोडून गेला आणि जुन्या धर्माकडे वळला. मग हे दोघे मिळून इंग्लंडभर हिंडले. पौंड धनी आणि स्टीफन्स त्याचा नोकर, असे सोंग घेऊन. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचे ठरवले; पण निघायच्या सुमारास पौंड पकडला गेला. त्याच्या आयुष्याची तीसेक वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटाच निसटला आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला. तिथे गेल्यावर तो मित्राला विसरला नाही. पौंडला संघात घ्यावे म्हणून त्याने वरिष्ठांकडे लेखी रदबदली केली आणि १५७८ मध्ये पौंड तुरुंगात असतानाच संघाचा सदस्य झाला. मित्रप्रेमाच्या कथा आपण पुष्कळ वाचतो. ही त्यांत बसवायला हरकत नाही.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा गोव्याला निघाला, त्यांत तीस वर्षांचा स्टीफन्स होता. २४ ऑक्टोबरला तो गोव्याला पोचला आणि सतरा दिवसांतच, १० नोव्हेंबरला, त्याने बापाला एक लांबलचक पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लुइटने आपल्या सागरी सफरींच्या संग्रहात छापले म्हणून आपल्याला वाचता येते. धर्मांतराची, नरक-स्वर्गाची भाषा त्यात फारशी नाही. घरी राहिलेल्या बापाला मुलाने डोळे विस्फारून सांगितलेल्या गोष्टी आहेत. विषुववृत्तावर वारा पडतो आणि जहाजे दिवसचे दिवस जागच्या जागी तरंगत राहतात. मासे पाण्यातून उडतात. केप ओलांडल्यावर हिरड्या सुजून माणसे आजारी पडतात. दीडशेवर माणसे पडली होती, त्यांतली सत्तावीस गेली. आणि हिंदुस्थान जवळ आल्याच्या खुणा कोणत्या, तर आधी पक्षी, मग वाहत आलेल्या माडाच्या झावळ्या, मग पाण्यावर पोहणारे साप, आणि त्यांच्यासोबत नाण्याच्या आकाराचे, गोल, चपटे, जणू निसर्गानेच ठसा उमटवलेले काहीतरी. गोव्याच्या किनाऱ्यावर पोचण्याआधीच हा माणूस नवलाने भरून गेला होता. त्या नवलाला श्रोता म्हणून त्याला सगळ्यात आधी आठवला तो बाप. भारतात येऊन कायमचा राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. मला ते पत्र जास्त मोलाचे वाटते.

आता ज्या भूमीवर तो उतरला तिच्याकडे पाहू. इथे गोडीगुलाबीने लिहून चालणार नाही. साष्टी पोर्तुगीजांकडे येऊन तीनेक दशकेच झाली होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. १५६७ च्या सुमारास एकट्या साष्टीत अडीचशेहून अधिक देवळे पाडली गेली. मूर्ती घेऊन माणसे रातोरात नदीपलीकडे गेली. आज फोंडा तालुक्यात जी मोठी देवस्थाने आहेत त्यांतली कित्येक अशीच परागंदा होऊन तिथे बसली. पोथ्या जप्त झाल्या. ज्यांना जमीनजुमला, घरदार सोडता आले नाही ते राहिले आणि ख्रिस्ती झाले. काही मनाने झाले असतील, पुष्कळसे परिस्थितीने. स्टीफन्स येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला रुदोल्फ आक्वाविवा होता. ती प्रेते मिळवून दफनासाठी आणण्याचे काम स्टीफन्सच्या वाट्याला आले. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. पुस्तकांच्या पानांवर सुगंध दरवळवणाऱ्या माणसाच्या पायाखालची जमीन ही अशी रक्ताने ओली होती. तो कोणाच्या बाजूचा होता याबद्दल संशय नाही. त्याच्या डोक्यावरचे छत्र त्याच सत्तेचे होते.

तरी याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, पॅरिसला असलेल्या आपल्या भावाला, रिचर्डला, लिहिलेल्या पत्रात त्याने या प्रदेशातल्या भाषांबद्दल लिहिले आहे. त्यांची रचना त्याला ग्रीक आणि लॅटिनच्या वळणाची वाटली. विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचे नाते कलकत्त्यात जाहीर केले ते १७८६ साली. एका खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या पाद्र्याला त्याचा वास दोनशे वर्षे आधी लागला होता. अशी निरीक्षणे भाषेकडे हत्यार म्हणून पाहणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. त्यासाठी ती आवडावी लागते.

१५८० मध्ये दीक्षा मिळाल्यापासून जवळजवळ सगळे आयुष्य त्याने साष्टीत काढले. मडगाव, राशोल आणि आसपासची गावे. मधल्या काळात, १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच आणि त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्यात कैद झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी या पाद्र्याने खटपट केली. इंग्लंड त्याला परत कधी दिसले नाही.

त्याच्या आधीचे पाद्री मुलांना शिकवत होतेच. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला तेव्हापासूनची ती रीत. तो म्हणे हातात घंटी घेऊन गल्लोगल्ली हिंडे आणि पोरांना गोळा करी. प्रार्थना चालीवर घोकवून घेई, मग ती पोरे घरी जाऊन आई-बापांना त्या म्हणून दाखवीत. मूल शिकते आणि घराला शिकवते, ही युक्ती जुनी आहे. साक्षरतेच्या मोहिमांत आपणही ती वापरली. पण प्रार्थनेचे शब्द तोंडपाठ होणे वेगळे आणि अंगावर काटा येणे वेगळे. दहा आज्ञा ऐकून कोणते पोर रात्री जागे राहणार? आजीने सांगितलेली प्रल्हादाची गोष्ट ऐकून ते राहते. साष्टीच्या पोरांपाशी घोकंपट्टी होती, गोष्ट नव्हती. दिवेलागणीला ओसरीवर जमून पुराण ऐकायचे, हा जो साऱ्या गावाचा विसावा होता, ती जागा रिकामी झाली होती.

ही उणीव स्टीफन्सने ओळखली. ती त्याच्याच पुस्तकात नोंदवलेली आहे, आणि तेही मोठ्या धीटपणे. क्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच प्रसंग असा आहे, की साष्टीतल्या चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एक ब्राह्मण उभा राहतो आणि पाद्री-गुरूंना विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी का देत नाही? आम्ही फावला वेळ कशात घालवायचा? माझ्या मते साऱ्या ग्रंथाचा जीव या प्रश्नात आहे. सत्तेच्या बाजूने लिहिणाऱ्याने, जिच्यापाशी धर्मन्यायालय होते त्या सत्तेच्या नाकासमोर, हरलेल्या माणसाची तक्रार ग्रंथारंभी नोंदवून ठेवली आहे. आणि पाद्री-गुरू त्याला गप्प करीत नाहीत. ते पुराण सांगू लागतात. पुढेही मधूनमधून श्रोते शंका काढतात आणि गुरू उत्तरे देतात. कीर्तनात, प्रवचनात आपल्याकडे हेच चालते. हा साचा त्याने इथलाच उचलला.

तो शिकला कुठून? ज्या पोथ्या लोकांच्या घरांतून हिसकावल्या गेल्या होत्या त्याच जेझुइटांच्या हाती आल्या होत्या. रामायण-महाभारताच्या कथांची आणि जुन्या मराठी कवितेची रोमी लिपीत उतरवून घेतलेली बाडे पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयात अजून आहेत. आपण ज्या कथा मुलांच्या कानांवर पडू द्यायच्या नाहीत त्यांच्याच घाटावर आपली कथा घडवायची, हा व्यवहार सरळ नाही. इथे मला या माणसाचा राग येतो आणि त्याच्या कानाला दादही द्यावीशी वाटते. दोन्ही एकदमच.

घाट ओवीचा घेतला. ज्ञानदेवांपासून चालत आलेली ही ओवी: तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा आखूड चरण श्वास टाकायला मोकळा राहतो. वाचायची नव्हे, म्हणायची. भाषेबद्दलची त्याची भूमिका प्रस्तावनेत स्पष्ट आहे. देवाच्या गोष्टी सांगायला मराठी त्याला सर्वांत योग्य वाटली. पण निव्वळ ग्रंथी मराठी साष्टीच्या सामान्य माणसाला उमजेना, म्हणून त्याने तिच्यात घरगुती ब्राह्मणी भाषेचे, म्हणजे आज जिला आपण कोंकणी म्हणतो तिचे, सोपे शब्द मिसळले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराच्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, जीवन, मरण आणि पुनरुत्थान. मिळून पंचाण्णव अवस्वर म्हणजे अध्याय. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, मोक्ष आणि मुक्ती म्हणतो, पुण्य म्हणतो. वैकुंठ हा शब्द ऐकताच साष्टीच्या म्हाताऱ्याला जे आठवले असेल ते त्याच्या नातवाला आठवले नसेल. पण शब्दाची ऊब दोघांनाही कळली असेल.

पुराण रविवारी आणि सणावारी मिस्सा झाल्यावर चर्चमध्ये वाचले जाऊ लागले, आणि लोक ते आवडीने ऐकत. एकाने म्हणायचे, सगळ्यांनी ऐकायचे. आई-बाप, पोरे, शेजारपाजार. मिस्सा लॅटिनमध्ये, पाठमोरी, न कळणारी. तिच्यानंतर हे आपल्या बोलीतले. नोहाची नाव, दावीद आणि गोलियाथ, गोठ्यात जन्मलेला राजा. त्या पोरांना पहिल्यांदा कळले असेल की ज्याच्यापुढे आपल्याला गुडघे टेकायला लावतात त्याचीही एक गोष्ट आहे. पुराण छापले गेले त्या १६१६ साली आपल्या पुण्यापासून हाकेच्या अंतरावर, देहूला, आंबिले-मोऱ्यांच्या वाण्याच्या घरी आठ वर्षांचा तुकाराम वाढत होता (१६०८ हे त्याचे जन्मसाल बहुतेक जण मानतात). त्याच्याही घरी पिढीजात विठ्ठल होता, ओव्या होत्या, गावचे कीर्तन होते. साष्टीचे पोर आणि देहूचे पोर एकाच मापाच्या ओळी ऐकत मोठे होत होते, आणि एकमेकांची त्यांना गंधवार्ता नव्हती.

मी पुण्यात पंचवीसेक वर्षे मराठी शिकवले. वर्गात कॅम्पातली, नाना पेठेतली, येरवड्याकडची ख्रिस्ती मुले असत. पुण्याचा कॅथलिक समाज एकजिनसी नाही. कोणाच्या घरी कोंकणी, कोणाच्या घरी तामीळ, आणि नगर जिल्ह्यातून आलेल्यांच्या घरी अस्सल देशावरची मराठी. स्टीफन्सचा धडा आला की बाकीचा वर्ग माना वळवून त्यांच्याकडे बघे आणि ती मुले उगाचच संकोचत. एका वर्षी एका मंगळुरी घरच्या मुलीने ग्रंथालयातून क्रिस्तपुराणाची प्रत नेली आणि ख्रिस्तजन्माचा भाग आजीला वाचून दाखवला. मला ती दुसऱ्या दिवशी सांगत होती, की आजीला मराठी येत नाही असे घरात सगळे धरून चालले होते, पण आजी मध्येच थांबवून शब्दांचे अर्थ तिलाच सांगत होती. मुलीला परीक्षेपुरता वाटलेला जुना शब्द आजीच्या स्वयंपाकघरातला निघाला होता. मराठीच्या तासाला मी जे कधी शिकवू शकलो नव्हतो ते त्या घरात एका संध्याकाळी झाले.

स्टीफन्सने फक्त पुराणच लिहिले असे नाही. त्याची ‘दौत्रिन’ ही मुलांसाठीची प्रश्नोत्तरी, गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात, १६२२ मध्ये राशोलला छापली गेली. कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये. पण १६१९ मध्येच त्याचे गोव्यात निधन झाले होते. ही दोन्ही पुस्तके छापील रूपात त्याला पाहायला मिळाली नाहीत. त्याच्या वळणावर पुढे एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवरचे पुराण रचले, तेही मराठीत, तेही ओवीतच.

आणि मग शुकशुकाट. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. हुकूम काढून भाषा मरत नाही, पण पुस्तके मरतात. क्रिस्तपुराणाच्या त्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे पुराण एका सत्तेच्या आश्रयाने उभे राहिले ते त्याच सत्तेच्या नव्या लहरीने बुडाले. ते तगले कुटुंबांमुळे. गोव्याहून दक्षिणेकडे कानडा किनाऱ्याला जे ख्रिस्ती गेले त्यांनी हाताने उतरवलेली बाडे सोबत नेली, पिढ्यान्‌पिढ्या जपली, घरांत म्हटली. १९०७ मध्ये जोसेफ सल्ढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून मंगळुरात रोमी लिपीतली आवृत्ती छापली, तेव्हा कुठे बाकीच्या जगाला ग्रंथ दिसला. इंग्लंडमध्ये लहानपणी जे थॉमसच्या पिढीने केले, म्हणजे सरकारच्या नजरेआड घरात शब्द जपायचे, तेच त्याच्या श्रोत्यांच्या नातवंडा-पतवंडांनी त्याच्या शब्दांसाठी केले.

आता या कथेत पुणे कुठे येते ते सांगतो. स्टीफन्सने पुण्यात कधी पाऊल टाकले नाही. पण पुण्यात कॅथलिक वस्ती झाली ती पेशव्यांच्याच अमदानीत. सवाई माधवरावांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी १७९२ मध्ये दरबाराने जागा दिली आणि नाना पेठेत चर्च उभे राहिले. क्वार्टर गेटजवळचे हे सिटी चर्च आजही आहे. ज्या पेशवाईत शनिवारवाड्यात पुराणिक बसत, तिच्याच हद्दीत शिपायांची पोरे लॅटिन मिस्सेला गुडघे टेकत होती. ती मिस्सा लोकांच्या भाषेत आली ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या आगेमागे. स्टीफन्सने मिस्सेनंतर जे केले ते मिस्सेतच व्हायला साडेतीनशे वर्षे जावी लागली.

दुसरा धागा जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याचा. महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे त्याने केली आणि ती माला पुण्याहून निघाली, ही गोष्ट संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्याच ॲबटला १९२५ च्या सुमारास लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात क्रिस्तपुराणाची हस्तलिखिते सापडली, आणि ती होती देवनागरीत. त्यांत रोमी प्रतीतल्या कित्येक परक्या शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मूळ कोणते, यावर पंडितांचा वाद आहे. तो मी पंडितांवर सोडतो.

मला अधिक ओढ आहे ती एका पत्राची. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सने रोममधल्या आपल्या सर्वोच्च वरिष्ठांना लिहून विनंती केली होती, की इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच अक्षरांत छापण्यासाठी मुभा द्यावी. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता; खिळे मात्र रोमी. देशी अक्षरांचे खिळे पाडायचे तर शेकडो जोडाक्षरांसाठी साचे लागतात, कारागीर लागतो, पैसा लागतो. ते काही झाले नाही. आठ वर्षांनी पुराण निघाले ते रोमी लिपीत. मराठी ओवी, पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग. आजही ते पान डोळ्यांना परके वाटते आणि मोठ्याने म्हटले की ओळखीचे.

हे पुराण देवनागरीत समग्र छापले गेले ते १९५६ साली, आणि ते पुण्यात. शांताराम बंडेलू यांनी ते संपादित केले आणि य. गो. जोशी यांच्या सदाशिव पेठेतल्या प्रसाद प्रकाशनाने काढले. हिंदू धार्मिक वाङ्मयासाठी ज्या प्रकाशनाची ख्याती, त्याने ख्रिस्ताचे पुराण छापले. मागणी १६०८ ची, पुरवठा १९५६ चा; मध्ये ३४८ वर्षे. त्याच्या आदल्याच वर्षी कँडीहून पेपल सेमिनरी पुण्यात हलली होती आणि देशभरातले तरुण धर्मगुरू होण्यासाठी नगर रस्त्यावर येऊ लागले होते. पुढे जर्मनीत जन्मलेल्या फादर मॅथ्यू लेदर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभे केले. याच संस्थेच्या सहभागाने २००३ मध्ये फादर नेल्सन फालकाव यांचा क्रिस्तपुराणावरचा प्रबंध ग्रंथरूपाने आला. त्याआधी १९९६ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती काढली होती.

बंडेलूंची प्रत पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत धुंडाळली तर सापडते. पाने पिवळी पडली आहेत, पण अक्षर ठसठशीत आहे. पहिल्याच अवस्वरात तो ब्राह्मण उभा राहतो आणि पाद्री-गुरूंना विचारतो, आमची पुराणे घेतलीत, मग आता आम्ही काय ऐकायचे? ज्या लिपीत हा प्रश्न वाचला जावा अशी लिहिणाऱ्याची इच्छा होती, त्याच लिपीत तो तिथे छापलेला आहे.